एक पूर्णांक आठ

आमच्या घरी मागच्या खोलीत हातमाग आहे. उन्हाळ्यापासून तो बंद आहे. माग धडधाकट आहे, चालेनासा झाला तो बाबांचा उजवा हात. भेटायला येणारे म्हणतात, वय झालं, नागपूरचं ऊन, बीपीची गोळी विसरले असतील. सगळं खरं. पण त्या हाताचं आणखी एक कारण आहे, आणि ते धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीत बसून, चहाचे घोट घेत घेत मी स्वतः तयार केलं. लिहिताना मला माझाच राग येतो. येऊ दे.

मी संख्याशास्त्र शिकलेली. दवाखान्यात माझं काम एवढंच, की रुग्ण किती वाजता आला, त्याला कोणता उपचार किती वाजता मिळाला, या दोन वेळांमधलं अंतर काढायचं आणि मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायचं. दवाखाना त्यांचाच, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. हिशेबासाठी एक सॉफ्टवेअर होतं आणि अख्ख्या इमारतीत ते चालवता येणारी मी एकटी. नर्सा मला आकडेवाली मॅडम म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी तोऱ्यातच असायची.

आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. आजोबांनी माग नागपुरात आणला, बाबांनी तो गुंडाळून बुटीबोरीला सूतगिरणीत नोकरी धरली आणि रिटायर झाल्यावर पुन्हा उभा केला. धोटा इकडून तिकडे फेकत पंचे विणायचे, कधी कोणी मागितली तर एखादी साडी. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला की प्रत्येक धागा फणीच्या फटीतून ओवून घ्यावा लागतो. लहानपणी ते काम आम्ही दोघं करायचो. मी पलीकडून धागा पुढे करायची, बाबा अलीकडून आकडीनं ओढून घ्यायचे. हजारो धागे. मी घाईघाईत दोन एकदम पुढे केले की हातावर चापट बसायची. "एका टाइमले एकच, वं. दोन संग धरले का गुंता झालाच समज." ही शिकवण माझ्या हाडात गेली. पुढे कॉम्प्युटरवर बसले तरी मी तशीच, एका वेळी एक ओळ.

आता लकव्याचं सांगते, कारण सगळं त्याच्याभोवतीच आहे. डोक्यातल्या नसेत गुठळी अडकली की माणसाचा हात जातो, तोंड वाकडं होतं, बोलणं जातं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण आधी सीटी स्कॅन काढून बघावं लागतं की आत गुठळीच आहे, रक्तस्राव नाही. जितका उशीर तितका मेंदूचा भाग मरत जातो. आमच्या दवाखान्यात ठरलेलं होतं, रुग्ण दारात आल्यापासून तासाच्या आत इंजेक्शन. दुपारी सीटीवर दोन टेक्निशियन असायचे, कारण सकाळी खेड्यांतून निघालेल्या गाड्या बारा-एकच्या सुमाराला धंतोलीत पोचतात. त्यातला एक माणूस दुसरीकडे हलवायचा सरांचा विचार होता. ते म्हणाले, "दुपारी खरंच दोघं लागतात का, तेवढं मला आकड्यात दाखवा." म्हणजे माझा आकडा लहान आला तर तो माणूस जाणार आणि मोठा आला तर राहणार. इतकं सरळ होतं.

मी एप्रिलमध्ये हिशेबाला बसले. प्रत्येक रुग्णाच्या दोन वेळा, आल्याची आणि इंजेक्शनची. एक रुग्ण घ्यायचा, वजाबाकी करायची, आलेला आकडा पुढच्या रकान्यात टाकायचा, मग दुसरा रुग्ण. धागा धागा. चारशेच्या वर ओळी झाल्या आणि दुपारची सरासरी आली अठरा मिनिटं. दिवसभरातली सगळ्यात चांगली वेळ! सर खूश झाले. एक मेपासून दुपारचा दुसरा टेक्निशियन गेला.

कॅज्युअल्टीच्या मोठ्या सिस्टर कामठीहून शेअर ऑटोनं यायच्या. तीस वर्षांची नोकरी, चपलेचा आवाज आला की वॉर्डबॉय सरळ उभे राहायचे. त्या माझा रिपोर्ट हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर आल्या.

"मॅडम, दुपारी अठरा मिनिटात सुई? अठरा मिनिटात तं आमचं स्ट्रेचर लिफ्टमधून नाही निघत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "सिस्टर, मी मनचे आकडे नाही लिहिले. तुमच्याच लोकांनी टाकलेल्या वेळा आहेत."

"वेळा आमच्या. वजाबाकी तुमची." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "एक दिवस खाली येऊन दुपारी उभ्या राहा ना. मंग सांगजा."

मी गेले नाही. मला वाटलं, माणूस कमी केला म्हणून बाई चिडून राहिली आहे. जिन्यानं तीन मजले उतरायचे होते फक्त.

मे संपत आला, नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. सोमवारी आढावा होता, त्यातच मला नोकरीत कायम करणार असं सरांनी सांगून ठेवलेलं होतं. म्हणून गुरुवारी सकाळी मी मे महिन्याच्या वेळा घेऊन बसले. एकेक ओळ केली, सरासरी काढली आणि दुपारची वेळ आली चौदा मिनिटं. अठरावरून चौदा.

आधी मी खूश झाले, मग माझा हात माउसवर तसाच राहिला. एक माणूस काढून घेतला आणि काम आणखी जलद झालं? असं कुठं असते का?

मी ओळी वाचायला लागले. चाळीस, बावन्न, पस्तीस, आणि मध्येमध्ये एक पूर्णांक तीन, एक पूर्णांक सहा, दोन पूर्णांक दोन. एप्रिलमध्येही असे आकडे होते. मी ते बघितले होते आणि मनात म्हटलं होतं, वा, काय टीम आहे. या दोन पूर्णांक दोनवाल्या ओळीत वणीहून आलेला एक माणूस होता. त्याची बायको मला आठवली. जिन्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेली. मी जेवायला खाली उतरताना ती तिथं होती, जेवून वर येताना होती, नंतर कुठलीशी फाईल द्यायला गेले तेव्हाही होती, आणि दर वेळी तिनं मला एकच विचारलं होतं, "झालं का वं बाई त्याईचं?" तिच्या नवऱ्याला दोन मिनिटांत इंजेक्शन मिळालं होतं म्हणे.

मी त्याच्या मूळ वेळा उघडल्या. आला एक वाजून पाच मिनिटांनी. इंजेक्शन तीन वाजून सतरा मिनिटांनी. दोन तास बारा मिनिटं. म्हणजे दोन पूर्णांक दोन तास.

त्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. दोन वेळांची वजाबाकी केली की उत्तर कशात द्यायचं ते आपलं आपण ठरवतं. अंतर तासाच्या आत असलं तर मिनिटांत देतं, तासाच्या वर गेलं तर तासांत, दिवसाच्या वर गेलं तर दिवसांत. शेजारी लिहूनही देतं बिचारं. पण मी नुसता आकडा उचलून रकान्यात टाकत होते आणि मिनिट की तास हे मागेच गळून पडत होतं. दोन्ही रकाने एकदम घेऊन वजाबाकी केली असती तर त्यानं सगळ्यांना एकच माप लावलं असतं, काही बिघडलं नसतं. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा तसंच करतात. पण मी विणकराची पोरगी, मी एकेक धागा ओवत बसले. ज्याला सगळ्यात जास्त थांबावं लागलं, त्याचा आकडा माझ्या यादीत सगळ्यात लहान झाला. दुपार जितकी वाईट, तितकी माझी सरासरी सुंदर.

मी दोन्ही रकाने एकदम घेतले, पुन्हा वजाबाकी केली. मे महिन्याची दुपार, सत्तर मिनिटांच्या वर. ती फाईल मी 'तपासणी' नावानं जतन केली. गुरुवार, अकरा वाजून बावन्न मिनिटं. ही वेळ फाईलवर अजून आहे.

त्या क्षणी उठून सरांच्या केबिनमध्ये जायचं होतं. बस, एवढंच. शुक्रवारी दुपारी दुसरा टेक्निशियन परत आला असता. पण मी बसून राहिले. मनात म्हटलं, सोमवारी कायम करणार आहेत, चार दिवस आधी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? सगळा रिपोर्ट नीट दुरुस्त करू आणि आढाव्यातच सांगू, म्हणजे चूक आपणच शोधून काढली असं दिसेल. तीन-चार दिवसांनी काय फरक पडते? हे मी म्हटलं. मी, जिचं पोट दोन वेळांमधल्या फरकावर चालत होतं.

शुक्रवारी लिफ्टपाशी मोठ्या सिस्टर भेटल्या. एप्रनवर रक्ताचा डाग होता, पाठ भिंतीला टेकलेली. मी मोबाईल बघत उभी राहिले, लिफ्ट आल्यावर पण आत गेले नाही, जिन्यानं गेले. त्या दिवशी दुपारी चार लकव्याचे रुग्ण आले होते. नंतर मी मोजले.

शनिवारी साडेबाराला आईचा फोन आला. "अवं, तुह्ये बाबा धोटा उचलून नाही राहिले. मी म्हटलं झोप लागली, तं तोंड वाकडं झालं वं."

"इकडे आण," मी म्हटलं. "लगेच. शेजारच्या काकांना संग घे."

धंतोलीत दवाखान्यांची काय कमी? आमच्या भिंतीला भिंत लागून दुसरा आहे. आणि दुपारी आमच्याकडे काय चालतं, हे शहरात त्या दिवशी कोणाला आकड्यानिशी माहीत असेल तर मला. तरी तोंडातून निघालं, इकडे आण. कारण मी तिथली होते, माझ्या बाबांना कोण थांबवणार, असं वाटलं.

ऑटो एक वाजून आठ मिनिटांनी लागला. बाबांचा पंचा गळ्यातच होता. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, मोठ्या सिस्टरनी सलाईन लावलं, बीपी घेतलं, सीटीला फोन केला. सगळं पाच मिनिटांत. मग सगळं थांबलं.

मी सीटीच्या दाराशी धावले. टेक्निशियनच्या शर्टाची पाठ घामानं चिकटलेली होती.

"माझे बाबा आहेत," मी म्हटलं.

"मॅडम, मी एकटाच आहो. टेबलवर अपघातवाला आहे, त्याच्या मागं ही बाई आहे. कोणाले उतरवू, तुमीच सांगा."

बाकावर एक म्हातारी बाई मुलाच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. तिचंही तोंड वाकडं होतं. मी परत फिरले.

बाबा शुद्धीत होते. डाव्या हातानं उजवा हात उचलायचे आणि सोडला की तो बदकन पडायचा. पुन्हा उचलायचे. जणू धागा कुठं तुटला ते शोधून राहिले होते. बोलायला गेले की नुसता फुसफुस आवाज. पण घाबरलेले नव्हते, हेच मला सहन होईना. माझ्याकडे बघून मान हलवायचे. पोरगी आहे ना इथं, मग काय भ्या. आई पदरानं त्यांची लाळ पुसत होती आणि मला म्हणत होती, "तू सांग ना वं त्याईले, तू तं इथली हाये ना."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. माझं डोकं आपोआप वजाबाकी करत होतं, थांबवता येत नव्हतं. चाळीस. पन्नास. पंचावन्न. अठ्ठावन्न, एकोणसाठ. आणि दोन वाजून आठ मिनिटांनी माझ्या डोक्यात तो आकडा एकोणसाठवरून एकावर आला. एक. माझ्या यादीतली उत्तम वेळ.

मोठ्या सिस्टर बाबांच्या उशाशीच होत्या. पूर्ण वेळ त्यांनी मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. फक्त एकदा आईला म्हणाल्या, "आजी, बसा. इथं टाइम लागते."

इंजेक्शन दोन वाजून अठ्ठावन्नला दिलं. जीव वाचला. पाय हळूहळू आला, बोलणं अर्धंमुर्धं आलं. उजवा हात आला नाही. वेळेत दिलं असतं तर आला असता का? कोणी छातीठोक सांगत नाही. मी सगळ्यांना विचारलं.

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी सरांना मेल पाठवली आणि आढाव्यात उभी राहून सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलतील. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले, त्याच वेळी फोन करून दुसऱ्या टेक्निशियनला परत बोलावलं. मग मला विचारलं, "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"शनिवारी," मी म्हटलं. "बाबांच्या वेळी."

खोलीत सगळे हळहळले. सर म्हणाले, घरात एवढं संकट असताना तुम्ही चूक शोधून काढली आणि स्वतः पुढे येऊन सांगितली, असा प्रामाणिकपणा आजकाल कुठं बघायला मिळतो. मला कायम केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या सिस्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या कशालाच वाजवत नसत.

जागेवर येऊन मी बाबांची ओळ यादीत टाकली. जुन्या पद्धतीनं, मुद्दाम. एक पूर्णांक आठ. मग आणखी दोन वेळा टाकल्या. 'तपासणी' फाईलची आणि सोमवारच्या मेलची. सॉफ्टवेअरनं उत्तर दिलं, तीन पूर्णांक नऊ दिवस. या वेळी माप शेजारीच लिहिलेलं होतं, डोळ्यांत बोट घालून दाखवावं तसं.

बाबा घरी आले. भेटायला माणसं यायची. आमची अख्खी तांडापेठ येऊन गेली असेल. बाबा खाटेवर टेकून बसायचे आणि जड जिभेनं प्रत्येकाला तेच सांगायचे, "माह्या पोरीच्या... दवाखान्यात नेलं. म्हणून वाचलो." मग डाव्या हातानं माझ्याकडे दाखवायचे. लोक मला म्हणायचे, पोरगी असावी तं अशी. मी चहा करायला आत जायची. दोन महिने मी तो चहा केला. किती साखर, किती पत्ती, कोणाला बिनसाखरेचा, सगळं पाठ झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा मागच्या खोलीत मागासमोर बसले होते. अर्धवट पंचा तसाच होता, धोटा कडेला. मी त्यांच्यापाशी खाली बसले आणि सांगून टाकलं. आकडा कसा चुकला, टेक्निशियन का गेला, सगळं. एकेक धागा ओवायच्या सवयीनं चुकलं हे सांगितल्यावर ते चक्क हसले, वाकड्या तोंडानं. "चूक तं... होतेच," म्हणाले. "मी नाही केल्या?"

तिथं थांबता आलं असतं. माफी मिळाली होती. पण मी पुढे बोलले. चूक मला आधीच दिसली होती, असं म्हटलं.

बाबांनी विचारलं, "कवा?"

"गुरुवारी."

"माहं... कवा झालं?"

"शनिवारी."

त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला आणि अंगठ्यानं बोटं मोजली. सावकाश. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पुन्हा एकदा मोजली.

"दोन दिवस," ते म्हणाले. "तुले मालूम होतं."

मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, आईला बोलाव, पडायचं आहे. मी त्यांचा दंड धरायला गेले तर ते आईचीच वाट बघत राहिले.

परवा उमरेडचे मामा भेटायला आले होते. बाबा आता बरंच बोलतात. मामांनी विचारलं, "काय झालं होतं गा भाऊजी, कुठं नेलं होतं?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. बाबा म्हणाले, "नेलं होतं एका दवाखान्यात."